न पडलेली ठिणगी

सुरतेहून परत आलेल्या बाईला आमच्या दोंडाईच्यात पहिला प्रश्न साडीचा विचारतात. मी एकही साडी आणली नाही म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं, की सुनेशी माझं वाजलं असणार. तसं काही झालं नाही. पण मी गेले होते ती साडीसाठी नाही आणि हवापालटासाठीही नाही. मला मुलाने बोलावून घेतलं होतं, सुनेला त्यातलं खरं कारण न सांगता.

योगेश, माझा मुलगा, सुरतेला बँकेत आहे. त्याची बायको अश्विनी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. ती हायवेलगतच्या एका इंधनाच्या डेपोत, तिथल्या लॅबमध्ये नोकरी करते. डेपोचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लग्नाच्या वेळी तिने आम्हाला सांगितलं होतं, "आई, बाटल्यांत नमुने येतात, ते तपासायचे. एसीत बसून काम." तेवढ्यावर आम्ही निश्चिंत होतो. मग डिसेंबरात एकदा योगेशने मोबाइलवर कुठल्याशा गावचा टँकर भरताना पेटल्याचा व्हिडिओ पाहिला आणि त्याची झोपच उडाली.

"आई, तू ये," तो फोनवर म्हणाला. "तिला समजाव. नोकरीचा विषय काढला की माझ्याशी बोलणं बंद करते. तुझं ऐकेल."

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पाण्याची मोटर लावतानासुद्धा हात कोरडे आहेत ना हे दोनदा बघते. गॅसचा वास आला नाही तरी उठून रेग्युलेटर बंद करते. यजमान म्हणतात, "तुला काळजी करायला कारण लागत नाही, जागा लागते." या वेळी कारणही होतं. मी बॅग भरली.

उधना

तापीच्या अंगाने जाणारी आमची ही रेल्वे मला आवडते. नंदुरबारला डब्यात सुक्या मिरचीचा ठसका येतो, नवापूरला अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, आणि पुढे व्यारा-बारडोलीकडे गेलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. चलथाणच्या आसपास साखर कारखान्याचा तो गोडसर, कढत वास खिडकीतून आला. एरवी मी डोळे मिटून तो घेतला असता. या वेळी मात्र रुळांलगतच्या साइडिंगवर उभ्या असलेल्या तेलाच्या वाघिणी दिसल्या आणि मी त्यांच्यावरचं "ज्वलनशील" हे अक्षर न् अक्षर वाचत राहिले.

उधन्याला योगेश आणि अश्विनी दोघंही आले होते. अश्विनी उन्हाने काळवंडली होती. एसीत बसणारी मुलगी इतकी कशी रापते, हा प्रश्न मला फलाटावरच पडला. विचारला मात्र नाही.

"आई, अचानक कसं काय ठरवलंत?" तिने बॅग घेत विचारलं.

"थंडीत सुरत बघायची होती," मी म्हटलं. योगेश दुसरीकडे बघू लागला.

त्यांचं घर बमरोलीला. आजूबाजूला कापडाच्या गिरण्या, त्यांच्या चिमण्या, आणि गल्ल्यांमधून निम्मा खानदेश. रिक्षातून उतरले तर कोपऱ्यावर कुणीतरी अहिराणीत भांडत होतं. परक्या राज्यात आल्यासारखं वाटायला मला दुसऱ्या दिवशीचं गोड वरण खावं लागलं. खालच्या मजल्यावर सुमनबाई राहतात, मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये, आणि त्या घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात. त्यांच्या दारात सिंथेटिक साड्यांचा ढीग असतो. थंडीतली कोरडी हवा. त्यांनी माझ्यासमोर एक साडी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओढून काढली तर चट्‌चट् आवाज आला आणि साडी त्यांच्या हाताला चिकटून बसली.

"रोजनंच शे ताई," त्या हसून म्हणाल्या. "चावस ती."

मागे उभी असलेली अश्विनी हसली नाही. "हेच तर," ती हळूच म्हणाली, आणि वर निघून गेली. तेव्हा मला त्या दोन शब्दांचा अर्थ कळला नाही.

तापीकाठी पोंक

पहिले दोन दिवस मी नुसती संधी शोधत होते. अश्विनी सकाळी लवकर जाई. डेपोत मोबाइल नेता येत नाही, तो फाटकावर जमा करावा लागतो. त्यामुळे दिवसभर ती फोन उचलू शकत नसे. योगेशला हे सवयीचं झालं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. संध्याकाळी तिची स्कूटर वाजली की तो टीव्हीचा आवाज कमी करायचा. स्कूटर थांबली, जिन्यावर पावलं आली, की पुन्हा वाढवायचा. मी हे दोन्ही दिवस पाहिलं.

रविवारी अश्विनी मला स्कूटरवर मागे बसवून अडाजणच्या बाजूला पोंक खायला घेऊन गेली. संक्रांत जवळ आली होती. रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या चाकांवर गुलाबी मांजा सुकत होता आणि जवळजवळ प्रत्येक स्कूटरच्या हँडलवर मांजा अडवायला तारेची कमान लावलेली. तिच्याही स्कूटरला होती. पुलावर खरोखरच एक तुटलेला मांजा उडत आला आणि कमानीला लागून सर्रकन घसरला. मी ओरडले. अश्विनीने गाडी बाजूला घेतली, मांजा गुंडाळून खिशात टाकला, आणि पुन्हा निघाली.

"घाबरलात?"

"नाही गं," मी म्हटलं. पण दोन्ही हातांनी तिचा खांदा पकडला.

पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपल्याकडे शेतात आगटीभोवती बसून, कणसं चोळून, लसणाच्या चटणीबरोबर राखेसकट खायचा असतो. इथे तो पाखडून, स्वच्छ करून तराजूत मोजून देतात, बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे. हुरड्याबरोबर साखर! मी नाक मुरडलं आणि नंतर दोनदा मागून घेतली. आमच्या मागे नदीचं संथ पाणी होतं. हीच वेळ, असं मला वाटलं.

"अश्विनी, तुझं काम... धोक्याचं नाही ना?"

तिने शेवेची पुडी माझ्यापुढे सरकवली. "काळजी घेतली तर नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"म्हणून तर मला ठेवलंय, आई." मग तिने विषय बदलला आणि आमच्या बाजूच्या मिरचीला यंदा काय भाव आहे ते विचारलं. मी मूर्खासारखी मिरचीबद्दल बोलत राहिले.

डेपोचं फाटक

दोन दिवसांनी, दुपारच्या सुमारास, सुमनबाई धापा टाकत वर आल्या. त्यांचे यजमान पाळी संपवून हायवेने परतले होते. डेपोपासून मोठ्या रस्त्यापर्यंत टँकरची रांग लागली आहे आणि फाटकावर माणसांची गर्दी आहे, असं त्यांनी पाहिलं होतं.

"काहीतरी व्हयनं शे, ताई," सुमनबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

अश्विनीचा फोन वाजत राहिला. योगेशचा लागेना. मी पायात चपला सरकवल्या, सुमनबाईंनी रिक्षा थांबवली, आणि आम्ही दोघी निघालो. त्या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी रस्ता पाहिलाच नाही. मी आभाळाकडे बघत होते. गिरण्यांच्या प्रत्येक चिमणीचा धूर मला डेपोचाच वाटत होता. लग्नात तिच्या आईने माझ्या हातात तिचा हात देऊन "आता तुमची" म्हटलं होतं ते आठवत होतं, आणि मनातल्या मनात मी त्या बाईंना काय तोंड दाखवू याची तयारीसुद्धा करू लागले होते. मन असं नीच असतं. घडण्याआधीच सुतक धरतं.

धूर नव्हता. टँकर एकामागे एक उभे होते, इंजिनं बंद. ड्रायव्हर सावलीत बसलेले, चिडलेले. फाटकावरच्या रखवालदाराने मला बघून हात वर केला. "आग-वाग कुछ नहीं, माजी. लोडिंग बंद है."

मी तिथल्याच सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. सुमनबाई मला पाणी देत अहिराणीत बोलत होत्या. ते ऐकून एक उंच, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर जवळ आला. थंडीचं निळं, चकचकीत नायलॉनचं जॅकेट त्याने खांद्यावर टाकलं होतं.

"कोठल्या तुमी, माय?"

"दोंडाईचानी," मी म्हटलं.

"मी पिंपळनेरना. भटू अण्णा म्हणतस माले." गाववाली भेटल्यावर त्याला धीर आला आणि त्याने सगळा राग माझ्यासमोर ओतला. त्याचा टँकर सकाळी भरला होता. भरल्यावर तो वर चढला, झाकण उघडायला वाकला. हातात मोजायची धातूची सळई होती. "तितलामा ती लॅबवाली मॅडम पळत उनी. इतली जोरमा वरडनी, माले वाटनं गाडीखाले कोणी उना! 'उतर! हात लावू नको! खाली उतर!' सगळा डायवर माले हासनात. वीस वरीस व्हयनात माले गाडीवर. आजलोंग काही नही व्हयनं."

"मग बंद का केलं?" माझा आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"काय माहीत! म्हणे डिझेलमा काहीतरी दवाई कमी पडनी. दवाई! डिझेलले काय ताप उना?" आजूबाजूचे हसले. "बाईमाणूस शे, म्हणून आम्ही गप्प. नही तर..."

त्या "नही तर"च्या पुढे तो बोलला नाही. ही बाई माझी सून आहे, हे मी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. सांगितलं तर तो बोलायचा थांबेल, आणि मला सगळं ऐकायचं होतं. सुमनबाई माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या.

तेवढ्यात फाटकाच्या आतून अश्विनी आली. अंगात जाड सुती कपडे, डोक्यावर हेल्मेट, जाड बूट. तिच्या मागे डेपोचे मॅनेजर पटेलभाई, हातात रुमाल, कपाळ पुसत. थंडीत घाम आलेला माणूस बघितला की मला भीती वाटते.

"बेन, अर्थिंग तो छे ने!" ते म्हणत होते. "दरेक गाडीने तार लगाडेली छे. अहमदाबादथी फोन आवे छे. पंपवाळा राडो पाडे छे."

"आहे साहेब, अर्थिंग आहे," अश्विनी मराठीतच बोलली. इथे सगळ्यांना सगळं कळतं. "तार लोखंडावरचा विजेचा भार उतरवते. पण भार डिझेलच्या पोटात आहे. तो लोखंडापर्यंत पोचला तर तार नेणार ना! आज तो पोचतच नाहीये. मी सकाळपासून चार नमुने तपासले."

"केटली वार लागशे?"

"उद्या दुपारपर्यंत. डोस सोडणारा पंप खोलायचा, मोठ्या टाकीत डोस टाकायचा, फिरवायचा, पुन्हा तपासायचा. तोवर एकही गाडी नाही. नाहीतर तुम्ही लिहून द्या की माझं न ऐकता भरलं."

पटेलभाईंनी टँकरच्या रांगेकडे बघितलं. वाईट माणूस वाटला नाही मला तो. दोन्ही बाजूंनी दाबला गेलेला माणूस वाटला. त्याने रुमाल खिशात घातला आणि मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून, ते कळलं नाही.

मग अश्विनी ड्रायव्हरांकडे वळली. "भाऊ, गाड्या आज भरणार नाहीत. ज्यांना परत जायचं त्यांनी जा. जे थांबतील त्यांच्या जेवणाचं साहेब बघतील." तिची नजर भटू अण्णांवर गेली. "अण्णा, सकाळी मी ओरडले. सांगायला वेळ नव्हता. तुमच्या गाडीत काल पेट्रोल होतं ना?"

"व्हतं."

"त्याची वाफ टाकीत होती. त्यावर आज डिझेल आलं, भार असलेलं. वर तुम्ही लगेच झाकण उघडून लोखंडी सळई आत सोडणार, अंगात ते नायलॉनचं जॅकेट." ती थांबली. "मी चालत आले असते तर उशीर झाला असता."

कुणी हसलं नाही. भटू अण्णांनी खांद्यावरच्या जॅकेटला उगाच हात लावला. आणि तेव्हा तिला मी दिसले.

"आई? तुम्ही इथे?"

भटू अण्णांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तुमी सांगं नही, माय," ते पुटपुटले आणि मागे सरकले.

अश्विनी फाटकाच्या गजांपाशी आली. बाहेर येऊ शकत नव्हती. एवढ्या माणसांसमोर जो आवाज घट्ट होता, तो माझ्यासमोर सुटला. "आई, घरी जा. काही झालेलं नाही. खरंच काही झालेलं नाही. योगेशला सांगू नका."

बमरोली, त्या संध्याकाळी

मी सांगितलं नाही. पण सुमनबाईंनी सांगितलं. योगेश जिना चढून येईपर्यंत त्याला निम्मी गल्ली काहीबाही सांगून चुकली होती, आणि त्या कहाणीत एव्हाना एक टँकर पेटलाही होता.

अश्विनी आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"एसीत बसून बाटल्या तपासतेस ना तू?"

ती हात धुऊन आली, पाटावर बसली. मी शेवभाजी केली होती, घरून आणलेल्या तिखटाची. तिने घास केला आणि तसाच ताटात ठेवला.

"दोन वर्षं, अश्विनी. मी आईला काय सांगितलं, लोकांना काय सांगितलं! आणि तू टँकरखाली, टँकरवर..."

"वर मी नव्हते. अण्णा होते."

"ते महत्त्वाचं नाही!"

"तेच महत्त्वाचं आहे," ती म्हणाली. शांतपणे.

मी शाळेतली बाई. मुलं भांडू लागली की आधी विषय समजून घ्यायचा, एवढं मला येतं. "मला सांग," मी म्हटलं. "ती दवाई म्हणजे काय? मला कळेल असं सांग."

आणि ती सांगू लागली. बोलता बोलता तिचा आवाज पुन्हा घट्ट झाला. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं. आता धूर कमी व्हावा म्हणून ते काढून टाकतात, आणि ते काढताना इतरही काही पदार्थ निघून जातात, ज्यांच्यामुळे डिझेलमधून वीज वाहून जायची. असं स्वच्छ डिझेल पाइपातून, बारीक गाळणीतून जोरात वाहिलं की सुमनबाईंच्या साडीसारखं होतं. घर्षणाने भार तयार होतो आणि डिझेलमध्येच बसून राहतो. दिसत नाही, वास येत नाही. टाकीत काही धातूचं जवळ गेलं की एक ठिणगी. पेट्रोलची वाफ एरवी टाकीत इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. पण वर डिझेल आलं की ती थोडी विरते आणि नेमकी पेटण्याजोगी होते.

"म्हणून त्यात एक द्रव मिसळतो. भार वाहून जावा म्हणून. लाखभर लिटरला जेमतेम पेलाभर."

"एवढंसं?"

"वरणात हिंग किती घालता तुम्ही?" ती म्हणाली. "पण तो पडला नाही तर काय? वरणाचं बिघडत नाही. इथे बिघडतं. त्यातून थंडी असली की भार आणखी हळू उतरतो. डोस सोडणारा छोटा पंप सकाळी चालू दिसत होता, दिवा लागलेला. आत नळी तुंबली होती. कालपर्यंत तपासणीतला वीज वाहण्याचा आकडा ठीक होता, आज सकाळी जवळजवळ काहीच नाही."

"आणि तू नसतीस तर?" योगेशने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"बहुतेक काहीच झालं नसतं," ती म्हणाली. "हेच तर आहे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही. उद्या मला सगळे हेच विचारणार आहेत, काय झालं असतं ते दाखवा. मी काय दाखवू? जे झालं नाही ते कसं दाखवतात?"

आणि मग ती रडली. उजव्या हाताला भाजी लागलेली, म्हणून डाव्या हाताच्या मनगटाने डोळे पुसत. योगेश तिच्याजवळ जाऊन बसला. मी ताटं उचलली. आत ओट्यापाशी उभी राहून मी उगाचच गॅसचं बटण तपासलं. बंद होतं.

दुसऱ्या दिवशी अहमदाबादहून दोन वरिष्ठ येणार होते. सकाळी तिने चहा घेतला नाही. मी तिच्या डब्यात भाकरी आणि ठेचा दिला. तेवढ्यानेच माझं समाधान. दिवसभर मी आणि सुमनबाई त्यांच्या साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलो. माझ्या टिकल्या वाकड्या जात होत्या. सुमनबाई काही न बोलता त्या काढून पुन्हा चिकटवत होत्या. मला वाटत होतं, नोकरी गेली तर बरंच होईल, सगळ्यांची काळजी मिटेल. आणि लगेच वाटायचं, अशा कारणाने गेली तर ती पोरगी पुन्हा कधी कुठल्या गोष्टीवर ठाम उभी राहील का? दोन्ही काळज्या एकाच वेळी मनात होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

योगेश बँकेतून लवकर आला. टीव्ही लावलाच नाही.

ती आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. बूट काढले, पाणी प्यायली.

"पंप खोलला. नळीत काळा गोळा होता, बोटाएवढा. सगळ्यांनी पाहिला." ती खुर्चीत बसली. "दुपारी आकडा वर आला. पुरेसा. लोडिंग सुरू झालं."

"तुला काय म्हणाले?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"शाबासकी नाही. शिक्षाही नाही. म्हणाले, आधी फोन करायला हवा होता, मग लोडिंग थांबवायचं. मी म्हटलं, फोन करेपर्यंत अण्णांनी सळई आत सोडली असती. आता पाळी सुरू होताना नमुना तपासल्याशिवाय पहिली गाडी लावायची नाही, असं ठरलंय. हे मी गेल्या पावसाळ्यातच मागितलं होतं." ती थकून हसली. "पटेलसाहेब जाताना म्हणाले, 'बेन, मारी तो ऊंघ उडावी दीधी.' झोप उडवलीस म्हणे. त्यांची पण!"

"आणि ते अण्णा?"

"कालचं डिझेल काढून त्यांची गाडी पुन्हा भरली. सुती शर्ट घालून आले होते आज. भरून झाल्यावर खाली उभे राहिले आणि लॅबच्या खिडकीकडे बघून ओरडले, 'मॅडम, आते चढू का?' मी म्हटलं, थांबा अजून. सगळा डेपो हसला. तेही हसले. पण थांबले."

त्या रात्री आम्ही तिघांनी बाहेरून लोचो मागवला. मऊ, वाफाळता, वर तेल आणि शेव. ढोकळा बिघडला आणि त्याचा लोचो झाला, असं सुरतेचे लोक सांगतात. योगेशने सगळ्यात जास्त खाल्ला.

परतीचा फलाट

निघायच्या सकाळी योगेशने मला गॅलरीत गाठलं. "आई, तू तिच्याशी बोललीसच नाहीस."

"नाही बोलले."

"बोलणार आहेस?"

"तुला अजून वाटतं तिने सोडावी?"

त्याने समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघितलं. "मला तिने जिवंत घरी यावं असं वाटतं," तो म्हणाला. "बाकी काही मला नीट कळत नाही आता." मग त्याला बँकेला उशीर होत होता. वाकून नमस्कार करून तो गेला.

उधन्याला मला सोडायला अश्विनी आली. दुपारच्या पाळीला जायचं होतं, म्हणून तेच जाड सुती कपडे अंगात. गाडी लागली. तिने मला खिडकीची जागा मिळवून दिली आणि बाहेर फलाटावर, गजांना धरून उभी राहिली.

"आई, एक विचारू? तुम्ही मला नोकरी सोड म्हणायला आला होतात ना?"

खोटं बोलायला मला वेळच मिळाला नाही. "तुला कधी कळलं?"

"तुम्ही फलाटावर उतरलात तेव्हाच. थंडीत सुरत बघायला कोण येतं?" ती हसली, पण डोळे माझ्यावर रोखलेले होते. "मग? म्हणणार नाही का?"

"म्हणणार होते. त्या दिवशी फाटकावर बसले होते तेव्हा तर तुला हाताला धरून दोंडाईच्याला न्यावंसं वाटलं. आजही वाटतंय."

"मग?"

"मग काय. तुला नेल्याने भटू अण्णांची गाडी थोडीच थांबते? तिथे कुणीतरी ओरडायला पाहिजे ना." मी खिडकीशी सरकले. "पण एक ऐक माझं. योगेशला रोज सांगत जा. एसीत बसून बाटल्या तपासते, असलं सांगू नको. काय झालं, काय होता होता राहिलं, सगळं सांग."

"ते आणखी घाबरतील, आई."

"घाबरू दे. तो आताही घाबरतोच आहे, फक्त कशाला ते त्याला माहीत नाही. माहीत असून घाबरू दे. मलाही सांग. मीही घाबरीन."

गजांमधून हात आत घालून तिने माझा हात घट्ट धरला. बोटं गार पडली होती तिची. गाडी हलली तसा तिने हात सोडला. थोडं अंतर ती डब्याबरोबर चालली. मग थांबून मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि पाळीसाठी वळून झपाझप निघाली.